वेणी कापली, रागावू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारचा पाहण्याचा कार्यक्रम मी रद्द केलाय. मामांना फोन करून सांगितलं. आणि केस कापलेत, मानेपर्यंत. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहितेय.

आई, दिवाळीत खिडकीपाशी बसवून तू चिमट्यानं माझ्या हनुवटीवरचे केस उपटत होतीस. कातडी लाल झाली, आणि डोळे तुझेच भरले. "पाहुण्यांना दिसायला नको," म्हणालीस. ते डोक्यातून जातच नाही गं. पीसीओएस म्हणतात याला, हार्मोन्स बिघडल्यानं होणारा त्रास, शंभरात आठ ते तेरा जणींना असतं. औषध चालू आहे, रोज चालतेही. पण बेसन फासून, सगळं झाकून कुणापुढं चहाचा ट्रे धरणार नाही. लग्नच करणार नाही असं मी म्हटलेलं नाही. ज्याला आधी सगळं सांगून पटेल, त्याच्याशी पुढं बघू.

"हिला पोरगा व्हायचंय का?" असं मावशी विचारते. तिला सांगा, मी पोरगीच आहे, लव आली म्हणून बाईपण उणं होत नाही. माझ्या वर्गातला एकजण मात्र मुलगी म्हणून वाढला, आतून तो मुलगाच. आपण कोण हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असं सुप्रीम कोर्टानं 2014 मध्येच सांगितलंय. तो घरी आला तर मला वाढता तसंच त्याला वाढा.

बाबा, मार्गशीर्षातल्या नवरात्रात खांद्यावर बसवून मला योगेश्वरीला न्यायचात. देवीची गोष्ट सांगायचात: परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले. मी विचारलं, देवी रडली का? तुम्ही म्हणालात, "रडेल कशाला? सगळं अंबाजोगाई तिच्या पाया पडतं." ते मी अजून धरून आहे.

इथं माझं बरं आहे. मेसला भाकरी मिळते, पाणी चोवीस तास असतं. रविवारी तुझंच खोबरेल लावते. वेणी टाकली नाही, लाल रिबिनीसकट पेटीत ठेवलीय.

बाबा, बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. लोणचं, पापड बंद. आई, उकिडवं बसून धुणं धुऊ नकोस, स्टूल घे. आणि माझ्यापायी मामांशी अबोला नको.

पंचमीला येतेय. दार उघडलंस की आधी जवळ घे, केसांकडं मग बघ.

तुमचीच,
छकुली