कापड थांबत नाही!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एआयवर रोज काही ना काही छापून येतं, म्हणून आमच्या कापड तपासायच्या टेबलावरचा अनुभव कळवतो.

टेबलावरून कापड मिनिटाला 20 मीटर सरकतं, म्हणजे सेकंदाला 33 सेंटिमीटर. धागा सुटा दिसावा म्हणून कॅमेरा किनारीजवळ, अगदी खाली लावला. त्याला एका वेळी जेमतेम 5 सेंटिमीटर लांब कापड दिसतं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची दोन पोरं तुटके धागे ओळखणाऱ्या एआय प्रोग्रामचं प्रोजेक्ट घेऊन आली. लॅपटॉपवर, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत, एकूण एक तुटका धागा लाल चौकटीत. मार्कही चांगले पडलेले. टेबलावर लावलं तर सेकंदाला 4 फ्रेम, म्हणजे चारच चित्रं तपासून होतात! एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत कापड 8 सेंटिमीटर पुढे. मधल्या 3 सेंटिमीटरांत काय निसटलं, देव जाणे. व्हिडिओ प्रोग्रामसाठी थांबतो, कापड कशाला थांबेल?

मग पुतण्याने जेटसन नॅनो बोर्ड, म्हणजे एका पाटीवरचा छोटा संगणक, बसवला. 2019 चा, तळहाताएवढा, 10 वॅटवर चालणारा. पण आत 128 कोअरचा, म्हणजे एकदम अनेक हिशेब करणारा, ग्राफिक्स प्रोसेसर (जीपीयू). तरी फ्रेमचा आकडा 6 च्या वर जाईना. तीन रात्री जागल्यावर कळलं, की हिशेब झटपट होतोय, वेळ जातोय फ्रेमची ने-आण करण्यात. 1920 बाय 1080 ची एक रंगीत फ्रेम म्हणजे 62 लाख बाइट. या बोर्डावर सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयूची मेमरी एकच, तरी प्रोग्राम दर पायरीला नवी प्रत काढत बसलेला. एकाच खोलीतल्या माणसाला टपालाने पत्र! प्रती बंद केल्या, रंग काढून टाकले, तेव्हा कुठे 25 गाठले.

(मे महिन्यात पुन्हा रडगाणं. पंख्याच्या जाळीत सुताचे तंतू अडकले, आणि बोर्ड तापला की आपणहून मंदावतो. आता दर शनिवारी दात घासायचा जुना ब्रश फिरवतो.)

प्रोजेक्ट तपासणाऱ्या सरांना एवढंच सांगणं आहे : व्हिडिओ लावू देऊ नका. छोट्या बोर्डाला कॅमेरा जोडायला लावा, समोर काहीतरी हलतं ठेवा आणि सेकंदाला किती फ्रेम निघतात ते विचारा. हलतं काही मिळालं नाही तर पोरांना आमच्याकडे पाठवा. टेबल आहे, चहाही मिळेल.

– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी