नानांचा उजवा हात

डोंबिवली, रविवार

प्रिय मन्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू 'मीटिंगमध्ये आहे रे' म्हणतोस, आणि हे मीटिंगच्या फटीत सांगण्यासारखं नाही. घरी सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर काठावर. झालं.

नानांचा हात थरथरतो.

उजवा. तू लगेच म्हणशील, वय झालं. मीही तेच म्हणून गप्प होतो, कारण वस्तरा गालाला लागला की हात एकदम स्थिर. थरथरतो तो रिकामा असताना. गिऱ्हाईक नसलं आणि नाना बाकावर पेपर घेऊन बसले, की मांडीवर तो हात आपला चालू, तंबाखू मळल्यासारखा. तंबाखूला तर या माणसाने जन्मात हात लावलेला नाही.

मला उलट कौतुक वाटलं. म्हटलं, हाडाचा कारागीर, काम आलं की हातसुद्धा शिस्तीत! हे मोठ्या तोऱ्यात पद्याला सांगायला गेलो तर तो हसेना. प्रश्नच सुरू केले त्याने. चालताना तो हात नीट हलतो का? अक्षर बारीक झालंय का? वास येतो का त्यांना? म्हणाला, बसल्यावर सुरू होणारी आणि कामात थांबणारी थरथर, तीच दाखवून घ्यायची असते. कंपवातच असेल असं नाही, फोनवर मी काही ठरवत नाही, पण न्यूरोलॉजिस्टकडे न्या.

मग मी डोळे उघडे ठेवून दाढीला बसलो, जे नानांना मुळीच आवडत नाही. उधारीची वही पाहिली. जुनी पानं आठवतात ना, 'मन्या – बापाकडून घेणे' ही टपोरी अक्षरं? आता ओळ सुरू होते तेव्हा वाचता येते, शेवटाला जाईतो भिंग लागेल. आणि आफ्टरशेव्ह एवढं ओतलं, की बायकोने दारातच विचारलं, कुणाचं लग्न होतं? अरे, तुझ्या शर्टावरून मागच्या गल्लीतली सिगरेट याच माणसाने ओळखली होती. तुला अजून वाटतं मीच सांगितलं. मी नाही सांगितलं.

गिऱ्हाइकांना कळलंय. बोलत कुणी नाही. 'नाना, आज फक्त केस' म्हणतात. रोज दाढीला येणारे लेलेकाका या वयात दाढी वाढवून ऋषी झालेत. २०२० च्या जूनअखेर दुकानं उघडली तेव्हा सरकारची परवानगी फक्त केसांना होती, दाढीला नव्हती, तर हीच मंडळी दारात मास्क लावून विचारायची, नाना, दाढी कधी? आता दाढी चालू आहे आणि लोक नाक्यावरच्या एसीवाल्याकडे जातात. मीही एकदा डोकावलो तिथे. पोरगं आधी मोबाइल नंबर विचारतं, मग हेअर स्पा विकतं, मग विचारतं, कसे कापू? नाना काय विचारतात? काही नाही. माझा डावा कल्ला जरा वर आहे, तुझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत आणि म्हणून तुझी दोन लग्नं होणार, हे सगळं त्यांच्याकडे कायमचं नोंदलेलं. (वहिनींना हे वाचून दाखवू नकोस.)

अजून एक. आरशावरच्या ओळीत सेना महाराज, जिवा महाला आणि भाई कोतवाल तसेच आहेत. 'माथेरानचा आपला माणूस, वकील झाला, आझाद दस्ता काढून विजेचे मनोरे पाडले, सिद्धगडावर गोळी खाल्ली', हे पाठांतर तुझंही झालेलं आहे. २ जानेवारीला दुकानाला कुलूप आणि नाना सिद्धगडावर, यात कधी खंड नाही. यंदा त्या दिवशी दुकान उघडं. म्हणाले, गाडी मिळाली नाही. मी मान डोलावली.

आता माझी खरी अडचण ऐक. सांगितलं तर हा माणूस त्याच दिवशी वस्तरा खाली ठेवेल. तुला आठवतंय, एड्सची भीती पसरली तेव्हा बाकीचे अजून पट्ट्यावर वस्तरा घासत होते, आणि नानांनी गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड मोडून अर्धं लावायला सुरुवात केली. पदरचे पैसे घालून. अशा माणसाला 'तुमचा हात' एवढं म्हणायचं, म्हणजे दुकान बंद. आणि न सांगावं, तर औषधाला उशीर. पद्या म्हणतो, औषधांनी बऱ्याच जणांची थरथर आटोक्यात राहते, पुष्कळ वर्षं कामही करतात. पण आधी दाखवायला तर हवं! आणि मी कोण सांगणारा? माझं त्यांनी कधी ऐकलंय? तू लाडका. ईडन गार्डनच्या सेमीफायनलला अझरने टॉस जिंकून फिल्डिंग घेतली ते बरोबरच, असं तू बोललास, १२० वर आठ गेलेले असताना, आणि तेही अर्धं डोकं झालेलं असताना. नानांनी मशीन ठेवलं आणि तुला तसाच घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी स्वतः घरी येऊन उरलेलं अर्धं फुकट केलं. माझ्यासाठी कधी आले नाहीत.

म्हणून हे काम तुझं. उम्या बेंगळुरूला तुझ्यापासून लांब नाही. गाळ्याच्या भानगडीत मी नानांची बाजू घेतली तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही. तू जा, समोर बसून सांग. थरथर, वही, वास, सिद्धगड, सगळं. तपासणीचं निमित्त त्याने काढावं, 'बाबा, इकडे या चार दिवस' म्हणून. त्यात कुठे वस्तऱ्याचं नाव निघत नाही.

वहिनींची नवी शाळा मानवली का? ईशा दहावीला ना यंदा, तिला म्हणावं काका विचारत होता. घर घेतलंस ते पद्याकडून कळलं, पेढे राहिले. दिवाळीला येशील तेव्हा फडके रोडच्या आधी नानांकडे. सोमवारी येऊन बंद दारावर थापा मारू नकोस नेहमीसारख्या.

उम्याशी बोलणं झालं की रात्री दहानंतर फोन कर. दिवसा मी दुकानात असलो तर त्यांच्यासमोर काय बोलणार?

तुझा,
सुध्या

ता. क. अझरचं चुकलंच होतं.