चि. राणीस, चाकूबद्दल

कोल्हापूर
खंडेनवमी, रात्री

चि. राणी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईघाईत सांगितलंस, ऑफिसात खोकं उघडायला चाकू काढला तर शेजारची मुलगी खुर्चीसकट मागं सरकली, आणि संध्याकाळी साहेबांनी बोलावून घेतलं. "आण्णा, ठेवू का टाकू?" एवढं विचारलंस आणि तुझी कॅब आली. फोनवर मला धड बोलता येत नाही. तीस वर्षं टेस्टिंगच्या मोटरींच्या आवाजात काढली, त्यामुळं मी बोलतो कमी आणि ओरडतो जास्त, असं तुझी आईच म्हणते. म्हणून लिहायला बसलोय.

आज आपल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात हत्यारांची पूजा झाली. पाटावर पक्कड, टेस्टर, मेगर, बेअरिंगचा पुलर, लाकडी हातोडी, सगळं धुऊन-पुसून मांडलं, झेंडू वाहिला. नवीन पोरगं विचारतंय, "मालक, तुमचा चाकू कुठं हाय?" म्हटलं, पुण्याला नोकरीला लागलाय. सगळे हसले.

तुला तो चाकू दिला तेव्हा सांगायचं राहून गेलं, की तो काही हौसेनं घेतलेला नाही. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला की हत्यारांच्या यादीत चाकू असतोच. त्याला दोन पाती. एक धारेचं, वायरवरचं आवरण सोलायला. दुसरं मुद्दाम बोथट, खरवडायला. उद्यमनगरात मी कामाला लागलो तेव्हा मिस्त्रीनं पहिला आठवडा मला मोटरीला हात लावू दिला नाही, नुसत्या तारा खरवडायला बसवलं. तांब्याच्या तारेवर इनॅमलचा थर असतो. तार चकचकीत तपकिरी दिसते, नवख्याला वाटतं उघडीच आहे. तशीच जोडून सोल्डरचा डाग दिला तर डाग धरतच नाही. मग तार अंगठ्यावर धरायची, बोथट पातं आडवं टेकवायचं, ओढायचं, तार जराशी फिरवायची, परत ओढायचं. आतलं तांबं गुलाबी दिसायला लागलं की थांबायचं, पुढं गेलं की तार बारीक होते. ते गुलाबी तांबं बघायला मला अजून आवडतं. नदीकाठच्या शेतकऱ्याची तीनऐवजी दोनच फेजवर चालून जळालेली मोटर दुपारी आली आणि ऊस वाळतोय म्हणून तो रात्री दुकानाच्या पायरीवरच बसला, की बांबूच्या पाचरी तासायला, इन्सुलेशनचा लेदरॉइड कागद कापायला, दोरा तोडायला तोच चाकू. डबा सोडल्यावर कांदा कापायलाही तोच, पण ते आईला सांगू नकोस.

धारेच्या पात्यानं वायर सोलायची रीत तुला दाखवली होती, आठवतंय? पेन्सिलीला टोक काढतात तसं तिरकं. गोल फिरवून कापलं की तांब्यावर चीर पडते आणि दोनदा वाकवलं की तार तिथंच तुटते. तू सातवीत होतीस, पहिल्याच झटक्यात बरोबर केलंस. चाकू तुझ्या भावाला न देता तुला दिला त्याचं कारण ते.

आता ऑफिसचं. तू म्हणालीस, त्याच ऑफिसात स्टेशनरीच्या कपाटात कटर आहेत, वाढदिवसाला केक कापायला हातभर सुरी निघते, तेव्हा कुणी मागं सरकत नाही. खरंय. कटरचं पातं आपल्या चाकूपेक्षा जास्त कापतं, उद्यमनगरात जितकी बोटं मी कटरनं कापलेली बघितली तितकी चाकूनं नाहीत. पण कटर कपाटातून येतो आणि चाकू खिशातून. फरक तिथं आहे. कपाटातली वस्तू सगळ्यांची असते. खिशातून काढलेल्या वस्तूला, ती रोज का बाळगतेस, असा प्रश्न येतोच. आणि लोकांनी घडीचा चाकू बघितलाय कुठं, तर सिनेमात, रामपुरी. खटका दाबला, पातं बाहेर, हिरो दोन पावलं मागं. त्या रामपूरवाल्यांनी तर २०२३ साली चौकात सहा मीटरचा चाकूच उभा केलाय. आपला चाकू बिचारा त्या खानदानातला नाही, पण आडनाव एक म्हटल्यावर भोगावं लागतं.

तुझ्या टीममधल्या त्या मुलाच्या किल्ल्यांना लाल स्विस चाकू आहे आणि त्याला सगळे "कूल" म्हणतात, याचा तुला राग आलाय. मला मजा वाटली. स्विस सैन्यानं १८९१ साली तो शिपायांना द्यायला सुरुवात केली ती लढायला नव्हे. डबे उघडायला आणि नव्या रायफलीचे स्क्रू खोलायला. म्हणजे तो लष्करातला असून लोकांना खेळणं वाटतो, आणि आपला वायरमनचा असून हत्यार. लाल रंग, वर पांढरा क्रॉस, शिवाय कात्री, दात कोरायची काडी. काळी मूठ आणि घासून पातळ झालेलं पातं बघून कुणाला प्रेम येणार? शिवाय तो मुलगा आहे. मुलाच्या खिशात चाकू निघाला तर "काय काय बाळगतोस" म्हणतात, मुलीच्या निघाला तर "का गं, कुणाची भीती वाटते का?" तुला हेच विचारलं ना तिघी-चौघींनी?

त्यावर एक सांगतो, ते नीट ऐक. त्या कामासाठी तो चाकू बाळगू नकोस. तो उघडायला दोन हात लागतात, पात्याच्या खाचेत नख घालून ओढावं लागतं. आणि उघडल्यावर पातं अडकत नाही, पाठीच्या स्प्रिंगवर नुसतं टेकलेलं असतं. माझ्या उजव्या तर्जनीवरची खूण तू लहानपणी "पांढरी अळी" म्हणायचीस, ती त्याच चाकूची. व्हार्निशच्या डब्याला भोक पाडायला टोक खुपसलं, पातं मिटलं ते बोटावरच. चार टाके पडले. डब्याला भोक पाडताना जो मालकाचं बोट कापतो, तो धावपळीत तुझी काय राखण करणार? अंधारात रस्ता बरा वाटला नाही तर सरळ पळ, ओरड, मला फोन कर. तिथं माझ्या ओरडण्याचा तरी उपयोग होईल.

लोकांच्या भीतीचं म्हणशील तर मी बरीच वर्षं तिला हसत होतो. एकदा एका बँकेत नोटांच्या बंडलाची सुतळी कॅशियरला सुटेना, मी मदत म्हणून काचेखालून उघडा चाकू आत सरकवला. पुढं काय झालं ते तू शंभरदा ऐकलंयस, गार्डमामांनी बंदूक खांद्यावरून उतरवली आणि मी हात वर करून "सुतळी, सुतळी" म्हणून ओरडत होतो. हे मी दिवाळीत सांगतो आणि सगळे हसतात. दुसरी गोष्ट मी घरी कधी सांगितली नाही.

१९९८ साल असावं. राजारामपुरीत एका घरी पंखा बसवायला गेलो होतो. घरात एक बाई आणि कडेवरचं मूल, बाकी कुणी नाही. स्टुलावर चढलो, एका हातात छतातली वायर, म्हणून दुसऱ्या हातानं चाकू काढला आणि पातं दातानं ओढून उघडलं. आम्ही सगळेच तसं करायचो. खाली बघितलं तर बाई मुलाला घेऊन दारात जाऊन उभ्या. दार सताड उघडं, एक पाय उंबऱ्याबाहेर. मला वाटलं पोर किरकिर करतंय, वारं घ्यायला गेल्या असतील. काम होईपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या. पंखा फिरला तरी आत आल्या नाहीत. पैसे हातात दिले नाहीत, चपलांच्या कपाटावर ठेवले आणि बाजूला झाल्या. बागल चौकापर्यंत एम-एटीवर आलो आणि एकदम डोक्यात उजेड पडला. गाडी बाजूला घेऊन थांबलो. माझा चाकू मला दहा वर्षं माहीत होता, त्यांना दहा सेकंद. परका माणूस, बंद घर, दातात पातं. त्या कुठं चुकल्या? परत जाऊन सांगावं असं वाटलं, पण परत गेलो असतो तर त्या आणखीच घाबरल्या असत्या.

तेव्हापासून मी एक करतो. कुणाच्या घरी गेलो की आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरतो आणि सगळी हत्यारं त्यावर मांडतो. पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, टेपचा रोल आणि त्यांच्यात मिटलेला चाकू. खिशातून काही काढायचं नाही. उचलायच्या आधी बोलायचं, "वहिनी, वायर सोलायला चाकू घेतोय." दुकानातली पोरं हसायची, मालक चाकूची परवानगी काढतात म्हणून. आता तीच पोरं तसं करतात. पक्कड आणि टेस्टरच्या शेजारी पडलेल्या चाकूला कुणी घाबरलेलं मी आजवर बघितलं नाही.

तुझी आजी चाकू कधी हातात द्यायची नाही. मीठ, मिरची आणि सुरी खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची, नाहीतर भांडण होतं म्हणायची. भांडणाचं माहीत नाही, पण घेणाऱ्याकडं पातं जात नाही एवढं खरं. ऑफिसात कुणी मागितला तर मिटून टेबलावर ठेवत जा.

कायद्याचं तू विचारलं होतंस. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली २०१६ चे नियम आहेत. त्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा विचार आहे आणि घरकामाची, शेतीची, कारखान्याची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. आपलं पातं चार इंचही नाही. पण कायदा एक आणि बंदोबस्त एक. सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम ३७ (१) खाली बंदी आदेश निघतो, त्यात काठीपासून चाकूपर्यंत सगळं येतं. एका अनंत चतुर्दशीला मी दुकानातून तसाच मिरवणूक बघायला गेलो आणि पापाच्या तिकटीला हवालदारांनी थांबवलं. "खिशात काय हाय?" माझे व्हार्निशनं काळे झालेले हात बघून ते नरमले, पण चाकू ठेवून घेतला, सकाळी चौकीवर येऊन न्या म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. त्या गर्दीत वायरमन कोण आणि दुसरा कोण, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. तुला कंपनी बंगळुरूला पाठवते तेव्हाही हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, विमानतळावर काढून घेतील आणि तिथं दुसऱ्या दिवशी परत द्यायला आपले हवालदार नसतात.

आणि तुझ्या कंपनीचं गेट ही तिसरी गोष्ट. जागा त्यांची, नियम त्यांचा. साहेब नको म्हणाले तर नको. वाद घालू नकोस, कटरची उदाहरणं देऊ नकोस, माझं नाव तर अजिबात सांगू नकोस. खोकी त्यांच्या कटरनं उघड. तुझ्या टेस्टिंगच्या लॅबमध्ये मात्र वायर सोलायचं काम रोजचं आहे, तर तिथल्या हत्यारांच्या ट्रेमध्ये तो ठेवता येईल का, एवढं एकदा लेखी विचार. हो म्हणाले तर ट्रेमध्येच ठेवायचा, पर्समध्ये नाही. नाही म्हणाले तर खोलीवर राहू दे. पण टाकू नकोस. आणि त्या खुर्चीसकट सरकलेल्या मुलीला एकदा चहाला घेऊन जा. तिला समजवायला नव्हे, उगीच आपला चहा.

दिवाळीला येताना तो घेऊन ये. बोथट पात्याची रिव्हिट ढिली झाली असणार, मूठ हलत असेल तर हलवत बसू नकोस, ऐरणीवर ठेवून एक ठोका मारून देतो. धारही लावून ठेवतो. आई विचारतेय, चिवड्यात खोबऱ्याचे काप पातळ हवेत का जाड. स्वारगेटला गाडीत बसलीस की फोन कर, तावडे हॉटेलला घ्यायला येतो.

तुझा,
आण्णा