ड्राइव्हमधील फ्लक्स कॉम्पेन्सेशनच्या दोषाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग

आपल्या ड्राइव्हबाबत (मोटरचे व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी बदलून तिचा वेग ठरवणारे उपकरण) मदतकेंद्राशी झालेले बोलणे संपताच हे पत्र लिहीत आहे. फ्लक्स कॉम्पेन्सेशन (मोटरमधले चुंबकीय क्षेत्र, म्हणजे फ्लक्स, घसरू नये म्हणून ड्राइव्हने दिलेले जादा व्होल्टेज) कशासाठी असते हे ते बनवणाऱ्यांना सांगावे लागणार नाही, अशी माझी आजपर्यंत समजूत होती.

आमच्या कन्व्हेअरची मोटर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे आणि मालाने भरलेला पट्टा ३ हर्ट्झवर सुरू करावा लागतो. व्होल्टेज व फ्रिक्वेन्सीचे नुसते प्रमाण राखले, तर तेथे मोटरला जेमतेम २५ व्होल्ट मिळतात आणि त्यांतलाही मोठा वाटा स्टेटर वाइंडिंगच्या (मोटरच्या स्थिर भागातील तांब्याच्या तारांच्या) रेझिस्टन्समध्येच जातो. फ्लक्स ६० टक्क्यांवर घसरला की टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण एक तृतीयांश उरतो. ही तूट करंट पाहून, लोडप्रमाणे भरून काढणे हेच या फंक्शनचे काम. परंतु आपले नवे फर्मवेअर (ड्राइव्हमधील सॉफ्टवेअर) टाकल्यापासून सेटिंग ‘ऑटो’वर असूनही ड्राइव्ह लोड न पाहता ठरावीक बूस्ट (जादा व्होल्टेज) देत आहे. पट्टा रिकामा असताना कोअर सॅच्युरेट होते (मोटरच्या लोखंडात आणखी चुंबकत्व मावत नाही), मोटर रेटेडपेक्षा अधिक करंट ओढते आणि तापते, कारण या वेगाला शाफ्टवरचा पंखा नावापुरताच फिरतो. तांबे ८० अंशांनी तापले की त्याचा रेझिस्टन्स सुमारे ३० टक्के वाढतो. ड्राइव्ह मात्र ऑटोट्यूनिंगच्या (ड्राइव्हने मोटरची मोजमापे स्वतः घेण्याच्या) वेळी थंड मोटरवर मोजलेला आकडा धरून बसतो. मग माल चढवला की हा बूस्ट अपुरा पडतो आणि तीच मोटर जागची हलत नाही.

हे सर्व ऐकून घेतल्यावर आपल्या प्रतिनिधीने विचारले, ‘फॉल्ट कोड येतो का?’ येत नाही, असे मी म्हणालो. ‘मग ड्राइव्ह ठीक आहे, सर.’ मी क्लॅम्प मीटरचे (करंट मोजण्याच्या उपकरणाचे) आकडे वाचून दाखवले. त्यावर स्लिप कॉम्पेन्सेशन वाढवण्याचा सल्ला मिळाला. स्लिप कॉम्पेन्सेशन लोड आल्यावर वेग घसरू नये म्हणून फ्रिक्वेन्सी वाढवते, त्याने मोटरमधला कमी पडलेला फ्लक्स भरून निघत नाही, हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले. उत्तर आले, ‘सर, शेवटी दोन्ही कॉम्पेन्सेशनच आहेत.’ या न्यायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हीही शेवटी दोन्ही पेडलेच. आपल्या कार्यालयातील वाहने कोण चालवतो, याची मला खरोखर काळजी वाटू लागली आहे. पुढे ‘एक साइज मोठी मोटर बसवून पाहा’ असे सुचवण्यात आले, आणि फोन ठेवताच तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश आला. निवारण! फॉल्ट कोड नाही म्हणजे दोष नाही, हे आपल्या कंपनीचे अधिकृत धोरण असेल तर ते कॅटलॉगमध्ये छापावे. तेथे सध्या ‘कमी वेगातही पूर्ण टॉर्क’ असे छापलेले आहे आणि त्याच ओळीवर विसंबून आम्ही हा ड्राइव्ह निवडला.

जुने फर्मवेअर परत टाकण्याची फाइल त्वरित पाठवावी. नव्या फर्मवेअरमध्ये बूस्ट लोड करंटनुसार का बदलत नाही, याचे लेखी उत्तर मोटर कंट्रोलचे काम पाहणाऱ्या अभियंत्याकडून मिळावे, मदतकेंद्राकडून नको. तोपर्यंत उरलेल्या ड्राइव्हची ऑर्डर आम्ही रोखून धरत आहोत, आणि दुरुस्ती होणार नसेल तर बसवलेला ड्राइव्हही परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी लागेल.

देखभाल विभागप्रमुख