आधी जमिनीत डोकवा, मग कुदळ मारा

संपादक महोदय,
नालासोपाऱ्यात जलवाहिनीसाठी खणलेला चर मी मागच्या महिन्यात पाहिला. कडेच्या मातीत जुन्या, रुंद विटांचे तुकडे अडकले होते. दुसऱ्या दिवशी चर बुजवला, विटाही गेल्या. जीव हळहळला. याच गावात १८८२ साली पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींनी ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचे टेकाड खणून स्तूप उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथलाच.

आज न खणताही जमिनीखालचे बरेच कळते. भुईभेदी रडार जमिनीत रेडिओलहरी सोडते. भिंत किंवा पोकळी लागली की त्या परत फिरतात. पण खाडीकाठच्या खारट, ओल्या मातीत लहरी फार खोल जात नाहीत. तिथे जमिनीचा विद्युतरोध मोजणे बरे. भाजलेली वीट चुंबकमापकाला (जमिनीतले चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राला) ओळखू येते, मात्र आसपासचे लोखंड आणि रेल्वेच्या विजेच्या तारा त्याला गोंधळात टाकतात. म्हणून एकाच यंत्रावर विसंबून चालणार नाही.

कान्हेरी लेण्यांतल्या झिजलेल्या शिलालेखांवर टॉर्च तिरपा धरून पाहा, सपाट वाटणारे अक्षर उठून दिसते. वेगवेगळ्या कोनांतल्या प्रकाशात असे फोटो काढून ते संगणकावर जपता येतात. दर पावसाळ्यात दगड झिजतोच आहे, तेव्हा हे काम यंदाच व्हावे. आणि सोपाऱ्यात कुठल्याही खोदकामाला परवानगी देण्यापूर्वी यंत्रांनी जमिनीखालचे सर्वेक्षण सक्तीचे करावे.

– एक वाचक, बोरिवली