ठेवीची पावती पाठवत आहे

सातारा,
दि. 12 मे 2024

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर तू आजीच्या ठेवीची पावती धाकट्याबरोबर पाठवून द्यायला सांगितलीस आणि मी कारण विचारल्यावर "नंतर सांगते, बाबा" म्हणून फोन ठेवलास. कारण शेवटी धाकट्याकडूनच कळले. तुझ्या गड-किल्ल्यांच्या संकेतस्थळावर गूगलच्या शोधातून येणारे वाचक निम्म्याहून कमी झाले आहेत आणि ते महिन्याभरात परत आणून देण्याची हमी देणाऱ्या कुणा गृहस्थांना तू पैसे देणार आहेस. ठेव तुझी आहे, आजीने ती तुझ्याच नावाने केली, तेव्हा तिच्याबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही असे मी ठरवले आहे. संकेतस्थळाविषयी मात्र लिहितो, कारण हल्ली वाचनालयातल्या संगणकावर बसून मी याच विषयाचे वाचन करत असतो आणि तुझ्या आईच्या मते निवृत्तीनंतर मी हाती घेतलेले हे पहिलेच उपयोगाचे काम आहे.

हे संकट तुझ्या एकटीवर आलेले नाही. नोव्हेंबर 2003 मध्ये, ऐन नाताळच्या खरेदीच्या तोंडावर, गूगलच्या शोधाचे निकष बदलले आणि कित्येक लहान दुकानदार पहिल्या पानावरून दिसेनासे झाले. त्या बदलाला लोकांनी 'फ्लोरिडा' असे नाव दिले. फेब्रुवारी 2011 मध्ये 'पांडा' आला, त्याने अमेरिकेतल्या सुमारे 12 टक्के शोधांचे निकाल हलवले. एप्रिल 2012 मधल्या 'पेंग्विन'चा रोख विकत घेतलेल्या दुव्यांवर होता, म्हणजे दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरून आपल्याकडे आणणाऱ्या दुव्यांवर, ज्यांना तुम्ही बॅकलिंक म्हणता. म्हणजे ज्यांनी वर येण्यासाठी पैसे मोजले, त्यांनाच त्या पैशांनी खाली ओढले. तुझे हे गृहस्थ नेमके काय करणार आहेत, हे तू त्यांना विचारलेस का? ते दुवेच विकत घेणार असतील, तर आजीची ठेव मोडून तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेशील. असो, ठेवीचा विषय मी काढणार नव्हतो.

अलीकडच्या तारखाही मी टिपून ठेवल्या आहेत. एक बदल 14 ते 28 सप्टेंबर 2023 या काळात झाला आणि दुसरा, बराच मोठा, 5 मार्चला सुरू होऊन पुरे 45 दिवसांनी, म्हणजे 19 एप्रिलला पूर्ण झाला. तुझा आलेख या तारखांना मोडला की आधीच उतरणीला लागला होता, हे आधी पाहा. धाकट्याने मला जो आलेख दाखवला तो सप्टेंबरपासून मेपर्यंतचा होता आणि तो पाहून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण गड-किल्ल्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाला एप्रिलच्या उन्हात कोण येणार? पावसाळा संपतानाचा सप्टेंबर आणि हा मे यांची तुलना करून काय हाती लागेल? गूगल संकेतस्थळाच्या मालकाला शोधाचे आकडे जिथे दाखवते, त्या सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांची माहिती राहते, तेव्हा या मेची गाठ गेल्या वर्षीच्या मेशी घाल. एवढे करूनही घसरण उरेल हे मी धरून चाललो आहे, पण ती निम्म्याची आहे की पाव हिश्शाची, हे कळल्याशिवाय घाबरून कुणाच्या हाती पैसे देऊ नयेत.

त्याच ठिकाणी मॅन्युअल ॲक्शनचाही, म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईचाही, एक अहवाल असतो. तो कोरा असेल, तर तुझ्यावर कुणा माणसाने बसून कारवाई केलेली नाही, आणि कारवाईच नाही म्हटल्यावर फेरविचाराचा अर्ज तरी कशाविरुद्ध करणार? निकष बदलल्यामुळे झालेल्या घसरणीवर दाद मागायला खिडकीच नाही. अमेरिकेत एक कंपनी यासाठी न्यायालयात गेली होती. 2003 मध्ये ओक्लाहोमातल्या संघीय न्यायालयाने क्रमवारी हे गूगलचे मत आहे असे म्हणून दावा फेटाळला. घसरलेल्या पानात काही चूक असेलच असे नाही आणि सुधारणा केल्या तरी पुढच्या मोठ्या बदलापर्यंत फरक दिसेलच असे नाही, हे तर गूगलनेच लिहून ठेवले आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हेही त्यांचेच सांगणे आहे. मग महिन्याभराची हमी या गृहस्थांनी कुठून आणली? बँकेच्या काउंटरवर उभे राहून मी अशा हमीवर विसंबून ठेवी मोडणारी माणसे पाहिली आहेत, ताई. फॉर्म भरताना त्यांचा हात थरथरत नसे, फार उत्साहात असत बिचारी.

पुन्हा प्रवचन झाले, रागावू नकोस. तुझी आई म्हणते की मी पत्र लिहायला बसलो की परिपत्रक काढतो.

तुझा हरिश्चंद्रगडावरचा लेख मी काल पुन्हा वाचला. "गुडघे सांभाळत चालणाऱ्या साठीच्या माणसाला पाचनईहून वर जायला चार तास धरावेत" हे वाक्य वाचून मला हसू आले, कारण नाव घातलेले नसले तरी गुडघे माझेच आहेत. त्या दिवशी तू दर वळणावर थांबून वहीत वेळ लिहीत होतीस आणि मी दम खाण्यासाठी तुला उगाच प्रश्न विचारत होतो. केदारेश्वराच्या गुहेत त्या गार पाण्यात उतरून तू शिवलिंगाला प्रदक्षिणा घातलीस, तेव्हा मी काठावर तुझे बूट धरून उभा होतो आणि तुला पाण्यात काही टोचेल या धास्तीने देवाला हात जोडायचेही विसरलो. परतताना पाचनईत पिठलं-भाकरी खाताना तू म्हणालीस की नोकरी सोडते. मी गप्प राहिलो. माझी संमती नाही असे तू समजलीस. खरे तर घास घशात अडकला होता.

आता त्या गडाचे नाव शोधले की तुझ्या लेखाच्या वर एक पान येते, ज्यात नळीच्या वाटेची शिफारस सहकुटुंब सहलीसाठी केलेली आहे. कोकणातून सरळ कड्याच्या अंगाने चढणारी ती वाट, जिथे दोराशिवाय नवख्याने जाऊच नये! ते लिहिणारा गडाखालच्या गावातसुद्धा गेलेला नसावा. याची मला चीड येते, तुला किती येत असेल. तरी पहाटे तीनपर्यंत आकडे पाहत बसल्याने ते पान खाली जाणार नाही. धाकटा म्हणतो तू जेवतही नाहीस धड.

घरभाड्याची अडचण असेल तर तसे सांग. माझ्या निवृत्तिवेतनातून काही महिने सहज निभेल आणि त्यासाठी ठेवीला हात लावावा लागणार नाही. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. पावसाळ्याचा हंगाम तोंडावर आहे, तो एकदा जाऊ दे, आकडे पाहा आणि मग ठरव, एवढेच म्हणणे आहे.

पावती याच पाकिटात ठेवली आहे. मुदत 20 ऑगस्टला संपते. त्याआधी मोडलीस तर व्याज ठरल्यापेक्षा कमी दराने मिळेल, नेमके किती ते शाखेत आधी विचारून घे. मागच्या बाजूला तिकिटाच्या जागी तुझी सही लागेल, तिथे मी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.

तुझे,
बाबा

ता. क. धाकट्याला बोलू नकोस, मीच त्याला खोदून खोदून विचारले. त्या गृहस्थांनी करारपत्र दिले असेल तर सही करण्यापूर्वी मला एकदा दाखव.