खानावळीच्या नावाविषयी आई-बाबांना

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, "काही नाही गं, जरा झोप लागत नाही एवढेच," असे तुम्ही फोनवर म्हणालात, पण आईने नंतर जे सांगितले त्यावरून मला सगळे कळले. मध्यरात्री चष्मा लावून अनोळखी माणसांनी खानावळीबद्दल काय लिहिले आहे ते पुन्हा पुन्हा वाचायचे आणि सकाळी रक्तदाब मोजायची वेळ आली की बाजाराला निघून जायचे, हे यापुढे चालू देणे मला शक्य नाही. म्हणून गूगलवरील आपल्या खानावळीच्या पानाची देखरेख मी माझ्याकडे घेतली आहे. नवा रिव्ह्यू आला की तो मला कळेल आणि उत्तरही मीच देईन. तुमच्या फोनवर येणाऱ्या त्या सूचना दादाने बंद केल्या आहेत. मी तुमच्या हातून काही काढून घेतले असे कृपा करून मनात आणू नका. त्या पानाचे मुख्य मालक म्हणून नोंद तुमचीच आहे, मी केवळ व्यवस्थापक आहे, आणि तुम्हाला वाटेल त्या दिवशी तुम्ही मला तिथून काढू शकता.

दुसरेही एक काम मी तुम्हाला न विचारता केले आहे. दरमहा पैसे घेऊन वाईट रिव्ह्यू काढून देतो आणि चांगले घालून देतो म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना मी नकार कळवला. तुम्ही त्यांना आगाऊ रक्कम द्यायला निघाला होतात ती केवळ काळजीपोटी, हे मी जाणते. पण पैसे घेऊन रिव्ह्यू पुसण्याची सोय गूगल कोणालाच देत नाही. खोटा किंवा शिवीगाळ करणारा रिव्ह्यू असेल तर त्याची तक्रार आपल्यालाच, एक पैसाही न देता करता येते. विकत घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत असे भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली काढलेल्या मानकातही म्हटले आहे. आणि समजा, तसे पन्नास रिव्ह्यू एका आठवड्यात आले असते, तर पेडण्यातल्या ज्या शिक्षकांनी आणि कचेरीतल्या माणसांनी आजोबांच्या काळापासून आपल्याकडे पान मांडले, त्यांच्या नजरेतून ते सुटले असते का? त्या रकमेतून फ्रीजर घ्या. आईला बर्फाच्या पेटीपुढे वाकावे लागणार नाही.

तारे कमी झाल्याने काही बिघडत नाही असे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही, कारण बिघडते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी सिएटल शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास केला, तेव्हा एका ताऱ्याच्या वाढीने उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते असे त्यांना आढळले, आणि हा परिणाम मोठ्या साखळी हॉटेलांवर नव्हे तर आपल्यासारख्या स्वतंत्र दुकानांवर दिसला. शिवाय आकड्यांचा हिशेबही निर्दय आहे. चाळीस रिव्ह्यूंची सरासरी ४.५ असताना एकेका ताऱ्याचे तीन आले की ती ४.३ वर येते, आणि पुन्हा साडेचार गाठायला पाच ताऱ्यांचे एकवीस रिव्ह्यू लागतात. तुम्हाला झोप का लागत नाही हे मला यावरूनच समजते. पूर्वी आमटीत मीठ जास्त झाले तर गिऱ्हाईक गल्ल्यावर येऊन तोंडावर सांगत असे आणि तुम्ही त्याच्या पानात सोलकढी वाढून विषय मिटवत होतात. २०२३ च्या जानेवारीत मोपच्या नव्या विमानतळावर विमाने उतरू लागल्यापासून येणारा माणूस हसून पैसे देतो आणि विमानाची वाट पाहत बसला की लिहितो. त्याच्या पानात आता काही वाढता येत नाही, हेच तुम्हाला सलते ना?

म्हणून मी आपल्यावर आलेले ते तिन्ही वाईट रिव्ह्यू शांतपणे वाचले. ज्याने खोल्या अस्वच्छ असल्याचे लिहिले आहे, तो आपल्याकडे आलेलाच नाही, कारण आपल्याकडे खोल्याच नाहीत. त्याची तक्रार मी केली आहे, निकाल यायला काही दिवस लागतील, आणि तो विरुद्ध गेला तर एकदा फेरविचाराची विनंती करता येते. सोमवारी मासळी मिळाली नाही म्हणून रागावलेल्या बाईंना मी असे उत्तर लिहिले: "आपण लांबून आलात आणि आपली निराशा झाली याचे आम्हाला वाईट वाटते. आमच्याकडे सोमवारी शाकाहारी जेवण असते. ही गोष्ट आता वेळापत्रकासोबत स्पष्ट लिहिली आहे. पुन्हा याल तेव्हा बांगड्याचे हुमण आवर्जून चाखा." बाबा, हे उत्तर त्या बाईंपेक्षा पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही कागदावर लिहून ठेवलेले उत्तर आईने मला वाचून दाखवले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, पण परक्या वाचकाला त्यातला फक्त राग दिसला असता आणि तुमची चाळीस वर्षांची मेहनत दिसली नसती.

तिसऱ्या गृहस्थांचे म्हणणे मात्र आपण ऐकावे असे मला वाटते. तळलेल्या इसवणीचा दर जेवण झाल्यावर कळला, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. बाजारातला भाव रोज बदलतो, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या दिवसांत तर तो कुठे जाईल याचा नेम नसतो. आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना हे सांगावे लागत नाही, नव्या माणसाला ते कसे ठाऊक असणार? त्यामुळे दारातला फळा पुन्हा लावा. लहानपणी स्टुलावर उभी राहून मी त्यावर "तिसऱ्यांचे सुके" लिहायची आणि तुम्ही मागून माझी कंबर धरून उभे असायचे, वेलांटी चुकली तरी पुसायचा नाहीत, हे मला अजून आठवते. आता त्याच फळ्यावर मासळीचे नाव आणि त्या दिवसाचा दर, दोन्ही हवेत. अक्षर आईचे असू द्या, तुमचे कोणाला लागत नाही.

वकिलांकडे जाण्याचा विचार मात्र सोडा. मानहानीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे हे तुम्ही नवप्रभेत वाचलेत ते बरोबर आहे, परंतु जेवण आवडले नाही असे सांगणे हे मत आहे, आणि मतासाठी माणसाला कोर्टात ओढले तर खानावळीचेच नाव जाईल. काकांच्या वेळेस काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. उद्या कोणी पैसे मागून धमकावले, तर ते वेगळे. तेव्हा काहीही न देता तो संदेश जपून ठेवा आणि मला पाठवा, पुढची तक्रार मी आणि दादा करू.

आता ऐका, आणि यावर वाद नको. रिव्ह्यूला तुम्ही उत्तर द्यायचे नाही, शेजारच्या मुलालाही द्यायला सांगायचे नाही. वहिनीने, मावशीने किंवा स्वयंपाकघरातल्या मुलींनी चांगले रिव्ह्यू लिहायचे नाहीत. आपल्याच माणसांनी लिहिलेले गूगलला चालत नाही. जेवून उठलेल्या गिऱ्हाइकाला "वेळ मिळाला तर दोन ओळी लिहा" एवढे म्हणा, त्याबदल्यात काही फुकट देऊ नका, आणि फक्त खूश दिसणाऱ्यालाच विचारावे असेही करू नका. दुपारी साडेतीन ते सात खानावळ बंद असते हे मी पानावर लिहिले आहे, तेव्हा त्या वेळात कोणी दार वाजवले म्हणून उठायचे नाही. ती वेळ तुमच्या झोपेची आहे. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी उंच खुर्ची मागवली आहे, ती गल्ल्यामागे ठेव. बाबा म्हणतील की जागा अडते, तरी ठेव.

दर रविवारी रात्री मी त्या आठवड्यात आलेले सगळे तुम्हाला फोनवर वाचून दाखवीन, वाईटही गाळणार नाही. त्याआधी मात्र शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाल तेव्हा डॉक्टरांकडे रक्तदाब मोजून घ्या आणि आकडा आईला कागदावर लिहून द्या. आई, तो कागद वाचून मला तूच फोन कर.

तुमची,
बाय